झुंबरबाईची नमुन्याची बाटली

काटेवाडी मागं टाकून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की कॅनॉलच्या कडेला मारकडवस्ती लागते. पंचवीस-तीस घरं, प्रत्येक दारात दोन-चार जर्सी गाई, आणि मधोमध पत्र्याच्या खोलीत दूध सोसायटी. नव्वदच्या सुमाराला त्या सोसायटीत झुंबरबाई मारकड टेस्टर म्हणून लागली. टेस्टर म्हणजे लोकांना वाटतं, दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, फॅट काढायचा आणि आकडा लिहायचा. ते काय, चार दिवसांत कुणीही शिकतं. झुंबरचं खरं काम त्याच्या आधी व्हायचं. किटलीचं झाकण उघडायचं, ते उलटं करून नाकाशी न्यायचं, आणि एका श्वासात ठरवायचं, हे दूध घ्यायचं की माघारी लावायचं.

हे नाक तिला बापाच्या कळपात मिळालं होतं. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ हिंडायचा आणि झुंबर त्या कळपामागं वाढली. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे ती लहानपणी डोळे मिटून सांगायची. पुढं मेंढरं विकली गेली, ऊस आला, गाई आल्या. नाक मात्र राहिलं. दूध नासायच्या दोन तास आधी तिला कळायचं. एकदा प्रयागबाईनं, म्हणजे तिच्याच चुलत जावेनं, म्हशीच्या दुधात शेळीचं दूध मिसळून आणलं. झुंबरनं झाकण हुंगलं आणि सगळ्या रांगेदेखत विचारलं, "प्रयागबाई, तुझी म्हस कवापास्नं पाला ओरबडाया बाभळीवर चढती गं?" महिनाभर वस्तीवर तेवढाच विषय होता, आणि हसणाऱ्यांत प्रयागबाईही होती.

सोसायटीचे सेक्रेटरी मानसिंगतात्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "नमुना ठेवल्याबिगर थेंब ओतायचा न्हाय." प्रत्येक सभासदाचं दूध कॅनमध्ये ओतण्याआधी त्यातलं थोडं बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत घ्यायचं, ते टिकावं म्हणून फॉर्मॅलिन नावाच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, रबरी बूच लावायचं आणि चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर सभासद नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ. कुणी भांडायला आलं तर दूध केव्हाच इंदापूरच्या शीतकरण केंद्रावर गेलेलं असायचं, पण बाटली हजर असायची. झुंबरनं स्वतःच्या गाईच्या दुधाचा नमुनाही कधी चुकवला नाही. तिचा नंबर एक्केचाळीस.

हे एवढं तपशिलानं सांगायचं कारण आहे. सातवी शिकलेली ही बाई अर्ध्या लिटर दुधाचाही नमुना ठेवल्याशिवाय राहत नव्हती. आणि भिंतभर सर्टिफिकिटं टांगलेल्या एका माणसानं तिच्या अंगातलं मांस दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा बादलीत टाकून दिलं. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर झुंबरची उजवी नाकपुडी चोंदली. आधी वाटलं पडसं. पण पडसं आठवड्यात जातं, हे गेलं नाही. उजव्याच बाजूनं पाणी गळायचं, कधी शिंकरलं की रक्ताचा ठिपका दिसायचा. संक्रांत झाली तरी उतार नाही, तेव्हा नवरा आबाजी तिला घेऊन बारामतीला गेला. तिथं एक नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. त्यांचं नाव इथं सांगत नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, तो एकटाच तसा होता.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली घेतला, नाकात उजेड पाडला आणि विचारलं, "मिश्री लावता का? तपकीर ओढता?"

"न्हाय," झुंबर म्हणाली. "मला नाकाचं काम हाय. मी तपकिरीच्या वाऱ्याला बी जात न्हाय."

"गोठ्यात काम करता ना? शेणाची, पेंडीची धूळ. ॲलर्जी आहे."

"पर डॉक्टर, एकाच अंगाला हाय. डावी मोकळी हाय."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. झुंबर पुढं काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ती म्हणत होती ते अगदी साधं होतं. गाईच्या चारी सडांचं दूध बिघडलं तर माणूस वैरण बघतो, पाणी बघतो. पण एकाच सडाचं बिघडलं तर दोष त्या सडात असतो, आणि मग जनावराचा डॉक्टर तेवढं एक सड हातात धरून नीट तपासतो. धूळ दोन्ही नाकपुड्यांत जाते. मग एकच का चोंदावी? या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. थेंबांची बाटली मिळाली.

ते थेंब तिनं दहा महिने घातले. चौऱ्याण्णवच्या थंडीत डॉक्टर म्हणाले, "मांस वाढलंय नाकात. काढून टाकू." खुर्चीत बसवून त्यांनी औषधात भिजवलेला कापूस नाकात कोंबला, जागा बधिर केली आणि तारेच्या फासानं ओढून एक तुकडा बाहेर काढला. झुंबरच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण तिनं तो बघितला. तांबूस, खडबडीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. डॉक्टरांनी तो खुर्चीजवळच्या बादलीत रक्तानं माखलेल्या कापसावर टाकला आणि हात धुवायला गेले.

सात-आठ महिने बरे गेले. पंच्याण्णवच्या भाद्रपदात तीच नाकपुडी परत चोंदली, आणि या खेपेला मांस पहिल्यापेक्षा भराभर वाढलं. परत तीच खुर्ची, तोच फास, तीच बादली. मात्र आता झुंबरला राहवलं नाही. नाकात बोळा असल्यानं ती गेंगाण्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, ह्ये मांस कुठं तपासाया पाठवत न्हाय का?"

डॉक्टर हसले. कंपाउंडर रविराज शेजारी उभा होता, तोही हसला. "बाई, ते काय दूध आहे का फॅट काढायला?" डॉक्टर म्हणाले. "तुमचं काम तुम्ही करा, आमचं आम्हाला करू द्या."

"म्हंजी वाईट न्हाय ना ते? कॅन्सर-बिन्सर?"

"छे, साधं मांस आहे. वीस वर्षं बघतोय मी."

झुंबर गप्प बसली. या गप्प बसण्याचा राग तिला पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. सोसायटीत कुणी म्हणालं असतं, दूध चांगलंच आहे, मी वीस वर्षं बघतोय, तर तिनं त्याला किटलीसकट माघारी लावलं असतं. पण दवाखान्याच्या खुर्चीत बसलं की धडधाकट माणसाचीही जीभ टाळूला चिकटते, आणि ही गोष्ट काही डॉक्टर लोक चांगली ओळखून असतात.

शहाण्णवचा उन्हाळा आला तोपर्यंत ते मांस तिसऱ्यांदा वाढलं होतं. आता त्यानं मधला पडदाही डावीकडं रेटला होता, त्यामुळं डाव्या बाजूनंही धड श्वास येईना. उजव्या डोळ्यातून पाणी गळायचं आणि डोळ्याखालचा गाल सुजल्यासारखा दिसायचा. झुंबर झाकण नाकाशी न्यायची आणि वासच यायचा नाही. ती कुणाला सांगायची नाही. डोळ्यानं बघायची, बोटानं चाखायची, किटली आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायची. वैशाखातल्या एका सकाळी ती फसली. आंबायला लागलेली एक किटली तिनं पास केली, ती चांगल्या दुधात ओतली गेली, आणि इंदापूरला पोचेपर्यंत कॅनमधलं सगळं दूध फाटलं. केंद्रानं कॅन परत पाठवला.

मानसिंगतात्या बोलायला कधीच मागंपुढं बघत नसत. त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं. "झुंबरबाई, उद्यापास्नं हुंगायचं काम दुसरं कुनी करंल. तुमी बाटल्या धुवा."

ती बाटल्या धुवायला बसली. ज्या रांगेला तिच्या नाकाचा धाक होता, त्या रांगेकडं पाठ करून बसली. हळूहळू रांगेत कुजबुज सुरू झाली. गाल सुजलाय, डोळा पुढं आलाय, तसलंच काहीतरी असणार. त्या रोगाचं नाव घ्यायचंही लोक टाळत होते, पण अर्थ सगळ्यांना कळत होता आणि झुंबरला तर सगळ्यांत आधी. घरी आबाजी जेवताना तिच्या तोंडाकडं बघायचा नाही. बिचारा घाबरला होता. ती एकदा त्याला म्हणाली, "असंल तर असंल. पर काय हाय ते कुनीतरी बघून सांगाया पायजे का नको? न बघताच मराया मी काय खाटकाच्या दारातली शेळी हाय का?"

त्या फाटलेल्या दुधाचा जबाब द्यायला तिला इंदापूरच्या केंद्रावर बोलावलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत मेहजबीन नावाची तिशीला टेकलेली मुलगी कामाला होती. झुंबरला फॅट काढायला तिनंच शिकवलं होतं आणि ती तिला मावशी म्हणायची. तिनं झुंबरचा चेहरा बघितला, जबाबाचा कागद बाजूला सारला आणि सगळी हकीकत विचारून घेतली.

"काढलेलं मांस तपासलंच न्हाय?" मेहजबीननं विचारलं. "अवं मावशी, आमच्या अब्बांच्या गळ्याची गाठ काढली तवा पुण्याला तपासली. मायक्रोस्कोपखाली बघत्यात. गाठ कसली हाय ते त्यातनंच कळतं, दुसऱ्या कशातनं न्हाय."

"आन पुण्याला न्हेस्तोवर सडत न्हाय ती?"

मेहजबीननं फळीवरच्या तपकिरी बाटलीकडं बोट केलं. "ह्याच्यात बुडवून न्हेत्यात. आपल्या फॉर्मॅलिनमधी."

झुंबर त्या बाटलीकडं बघतच राहिली. सहा वर्षं ती हे औषध हाताळत होती. तिच्या टेबलावर, तिच्या हाताशी होतं ते. माणसाच्या मांसाचाही नमुना असतो, तो याच औषधात ठेवतात, त्याचीही तपासणी असते, आणि हे सगळं त्या बारामतीच्या डॉक्टरला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माहीत होतं. पण चिठ्ठी लिहायची, बाटली भरायची, पुण्याला धाडायची, एवढी यातायात वस्तीवरच्या एका बाईसाठी कोण करणार. परतीच्या एसटीत झुंबर रडली, आणि ते रडणं भीतीचं नव्हतं.

बारामतीला नाकाचा दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून तिसऱ्या वेळीही ती त्याच दवाखान्यात गेली, पण पदराआड सोसायटीची बाटली घेऊन. तो शनिवार होता. तिनं बाटली सवयीप्रमाणं घरीच तयार केली होती. स्वच्छ धुतलेली, पाणी भरलेली, फॉर्मॅलिनचे दोन थेंब टाकलेली. चिठ्ठीही लावलेली, नंबर ४१, तारीख, आणि सकाळ-संध्याकाळच्या जागी लिहिलं होतं, उजवी बाजू.

खुर्चीत बसताच तिनं ती बाटली डॉक्टरांपुढं धरली. "मांस ह्यात टाका. बादलीत न्हाय."

डॉक्टरांना राग आला. इथं दवाखाना कोण चालवतं, असं त्यांनी विचारलं. विश्वास नसेल तर दुसरीकडं जा, असंही म्हणाले. झुंबरनं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाली, "जाईन की. पर हितं बसलेल्या समद्या पेशंटांना इचारून जाते, कुनाकुनाचं मांस ह्या बादलीत गेलंय."

बाहेर बाकावर सात-आठ माणसं होती आणि दार उघडं होतं. डॉक्टरांनी दाराकडं बघितलं आणि फास हातात घेतला. तुकडा निघाला तसा त्यांनी तो चिमट्यानं बाटलीत कोंबला आणि बूच तिलाच लावायला सांगितलं. पुण्याच्या तपासणीसाठी लागणारं पत्र मात्र दिलं नाही. "ज्याला तपासायचंय त्यानं तपासावं, माझा संबंध नाही," म्हणाले. आपल्याच हातानं काढलेल्या मांसाशी संबंध नाही. असं बोलायला माणसाचं काळीज कशाचं लागत असेल?

रविवारी पुण्यातली प्रयोगशाळा बंद. बाटली दोन दिवस झुंबरच्या घरात फळीवर राहिली, वैशाखातल्या पत्र्याखाली. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती आणि आबाजी पुण्याला निघाले. सगळी वाट तिनं बाटली मांडीवर धरली होती. एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, पत्र नाही म्हणून आधी तासभर बाकावर बसवलं. मग तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना दया आली असावी. त्यांनी बाटली मागवली आणि बूच काढलं.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम तोंडं फिरवली. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कारकुनानं नाकाला रुमाल लावला. आबाजीनं टोपीच नाकावर धरली. झुंबर एकटी तशीच उभी होती. तिला काहीच कळेना. चार जणांच्या तोंडाकडं बघून तिला उमगलं. ज्या बाईला दूध नासायच्या दोन तास आधी कळायचं, तिचं स्वतःचं मांस तिच्या मांडीवर सडत आलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"यात औषध किती घातलं होतंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन थेंब. आमी दुधाला तेवढंच घालतो."

"दुधाला पुरतं तेवढं. मांसाला नाही पुरत. एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी लागतं, आणि बाटलीही मोठी हवी." त्या रागावून बोलल्या नाहीत. पण बाटली त्यांनी बाजूला ठेवली. "हा तुकडा आता तपासता यायचा नाही, बाई."

पहिले दोन तुकडे डॉक्टरनं घालवले, तिसरा तिनं स्वतः. पण या तिसऱ्या चुकीचा दोष तिच्या पदरात टाकताना जरा थांबायला हवं. जिला कुणी कधी काही सांगितलंच नाही, तिनं आपल्या धंद्यातलं जे माहीत होतं ते केलं. ज्याला सगळं माहीत होतं, त्यानं काही केलं नाही. दोन्ही चुका एका मापानं मोजायच्या असतील तर मग मापालाच काही अर्थ नाही.

डॉक्टरीणबाई मात्र हातातली चिठ्ठी वाचत होत्या. "उजवी बाजू, हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"डावीकडं कधीच नव्हतं? आणि कितीदा काढलं म्हणालात?"

झुंबरनं सगळं सांगितलं. त्या बाई उठल्या आणि तिला घेऊन स्वतः दोन जिने चढून नाकाच्या विभागात गेल्या. तिथल्या सर्जननं नाकात बारीक दुर्बीण घालून बघितलं, डोक्याचा स्कॅन काढला आणि आतल्या मांसाचा ताजा तुकडा घेऊन योग्य औषधात खाली धाडला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. इन्व्हर्टेड पॅपिलोमा.

सर्जननं ते नाव दोनदा सांगितलं आणि मग साध्या शब्दांत समजावलं. ही गाठ क्वचित होते. बहुतेक वेळा एकाच बाजूला होते, आणि म्हणूनच एका बाजूला वाढलेलं मांस कधी न तपासता सोडायचं नसतं. ती बाहेर फुगते त्यापेक्षा आत, खालच्या थरात शिरते. कॅन्सर नाही. पण नुसता शेंडा खुडला तर पुन्हा वाढते, हाड रेटते, आणि काही जणांत पुढं कॅन्सरही होतो. मुळासकट काढावी लागते. झुंबरच्या गाठीचं मूळ गालाच्या पोकळीच्या आतल्या भिंतीवर होतं आणि तिथून ती डोळ्याच्या तळाशी पोचली होती. आता ती काढायची तर नाकाच्या कडेनं, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत चिरावं लागणार होतं.

"दोन वर्सापूर्वी कळलं असतं तर?" झुंबरनं विचारलं.

सर्जननं स्कॅन परत उजेडाला धरला. "तेव्हा लहान असणार," तो म्हणाला. "कदाचित एवढं चिरावं लागलं नसतं."

ऑपरेशन आषाढात झालं. काढलेला सगळा भाग तपासला गेला, एकेक तुकडा, आणि कुठंही कॅन्सर निघाला नाही. महिन्याभरानं झुंबर वस्तीवर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजव्या डोळ्यापासून ओठापर्यंत वण होता. आरसा तिनं एकदाच बघितला आणि फळीवर उलटा ठेवला. डावी नाकपुडी मोकळी झाली होती. पहिल्या दिवशी तिला चुलीवरच्या भाकरीचा वास आला आणि ती आबाजीला म्हणाली, "करपाया लागलीय बगा, पलटा." आबाजीनं भाकरी पलटली आणि मग कितीतरी वेळ तो डोळे पुसत होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती रिपोर्ट घेऊन बारामतीच्या डॉक्टरांकडं गेली. भांडायला नाही. निदान निघताना तरी भांडायचं तिच्या मनात नव्हतं. त्यांनी वाचावा, दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा, एवढंच. डॉक्टरांनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. चेहऱ्यावरच्या वणाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बघा," ते म्हणाले, "कॅन्सर नाही. मी म्हणालोच होतो, साधं आहे. उगाच धावपळ केलीत."

झुंबरनं रिपोर्ट पिशवीत ठेवला. "डॉक्टर, दूध फुडं चांगलं निघालं तरी टेस्टरनं ते न तपासता घेतलं असंल तर मानसिंगतात्या त्याला हाकलत्यात. तुमाला कोन हाकलनार?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. खुर्चीजवळ बादली होतीच, तीच. झुंबर तिच्याकडं बघत बाहेर पडली.

मानसिंगतात्यांनी तिला झाकण परत दिलं. माफी वगैरे त्यांना जमत नव्हती, पण पहिल्या दिवशी ते स्वतःची किटली घेऊन रांगेत पहिले उभे राहिले आणि तिनं हुंगेपर्यंत हलले नाहीत. वणाकडं बघून कुणी कुजबुजलं तर प्रयागबाईच आता त्याला झापायची. दर सहा महिन्यांनी झुंबर पुण्याला दुर्बिणीनं तपासून घ्यायची. गाठ परत आली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात एका सकाळी सोसायटीसमोर लुना येऊन थांबली. बारामतीचा कंपाउंडर रविराज होता, तिच्या प्रश्नावर हसलेला. हातात पिशवी, पिशवीत एक रिकामी बाटली. तो रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग टेबलापाशी आला.

"मावशी, फॉर्मॅलिन पायजे होतं थोडं. बारामतीत दुकानात मिळालं न्हाय. भिगवणची एक बाई हाय, मासं विकती. तिच्या बी एकाच अंगाला मांस वाढलंय. डॉक्टर म्हनले, काढून पुण्याला धाडायचं."

"तुजं डॉक्टर सोता का न्हाय आले?"

रविराजनं पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली. झुंबरनं त्याची बाटली उचलून उजेडात धरली. लहान होती. ती तिनं परत दिली, कपाटातून मोठ्या तोंडाची बरणी काढली, धुतली, आणि वाटीनं मोजून औषध आणि पाणी ओतलं. मग एक कोरी चिठ्ठी चिकटवली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "त्या बाईचं नाव लिव्ह. पुरं नाव, नुसता नंबर न्हाय. तारीख. बाजू."

त्यानं लिहिलं. झुंबरनं झाकण घट्ट लावलं, पण बरणी लगेच सोडली नाही.

"दोन थेंबांत भागत न्हाय, ध्येनात ठेव," ती म्हणाली. "एक वाटी औषध, नऊ वाट्या पानी. आन डॉक्टरला सांग, हे माप शिकायचं मोल झुंबरबाईनं तोंडावर वण घेऊन दिलंय. आता दुसऱ्या बाईकडनं घेऊ नका."

रविराजनं मान खाली घातली, ते माप खिशातल्या कागदावर लिहून घेतलं आणि बरणी दोन्ही हातांत धरून लुनाकडं गेला.